मराठी नावांचे रकाने स्पेस टाकून जुळवणं आता बंद करा

रिकामटेकडा (धागाकर्ता)
सोसायटीच्या थकबाकीची यादी छापायला पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहिला. नाव डावीकडे १५ घरांत (एक घर म्हणजे एका अक्षराची जागा), रक्कम उजवीकडे टेकवून १२ घरांत. इंग्रजी नावं होती तोवर यादी ओळंब्यात. मराठी नावं टाकली आणि रकमा ओळीओळीला झुलायला लागल्या.

कारण शोधलं. ‘क्षितिज’ डोळ्याला तीन अक्षरं. पायथन मोजतो सात: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. म्हणून पुढे आठच स्पेस टाकतो. सी (ही दुसरी प्रोग्रॅमिंगची भाषा) तर बाइट, म्हणजे साठवणीची एककं, मोजतं. यूटीएफ-८ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे २१. पंधराची हद्द आधीच ओलांडली, स्पेस शून्य. ‘उमा’ला मात्र सीत सहा मिळतात!

माझं मत स्पष्ट आहे. एचटीएमएलचा (वेबपानाच्या भाषेतला) टेबल काढा, रकमेची उजवी कड ब्राउझर सांभाळेल. स्पेस मोजत बसणं हा टाइपरायटरच्या जमान्याचा उद्योग आहे.

पंचकार्ड
त्या जमान्याला नावं ठेवू नका. मी कोबोलवर नोकरी काढली, १३२ कॉलमच्या लाइन प्रिंटरवर. पिक्चरमध्ये, म्हणजे आकडा कसा छापायचा त्याच्या साच्यात, झेड,झेडझेड,झेडझेड९.९९ लिहिलं की १,२५,४३०.५० छापून येणार, स्वल्पविराम बरोबर लाखाच्या जागी. रक्कम हजाराच्या आत असेल तर पुढची शून्यंही गायब आणि स्वल्पविरामही. तुमच्या पायथनला स्वल्पविराम टाक म्हटलं की तो १२५,४३० छापतो. १९६० सालच्या भाषेला जमलं ते ह्याला का जमू नये?

रिकामटेकडा
जमतं हो. लोकेल (कुठल्या देशाच्या पद्धतीने लिहायचं ती सेटिंग) भारतीय ठेवलं आणि गट पाडायला सांगितलं की पायथनही लाखात तोडतो. फक्त ते लोकेल मशीनवर असायला हवं.

हिशेबनीस
पंचकार्ड काका, अर्धंच सांगितलंत. त्याच पिक्चरमध्ये १२,३४,५६७ भरा. २,३४,५६७.०० छापून येईल. डावीकडचा पहिला आकडा गुपचूप कापला जातो, कोणी हूं की चूं करत नाही. दहा लाख गेले, पण रकाना सरळ! फोरट्रान (तीही जुनी भाषा) निदान त्या जागी चांदण्या छापतं, ‘मावलं नाही’ म्हणून. सी आकडा पूर्ण छापतं आणि पुढचं सगळं ढकलून देतं. मी हिशेब तपासणारा माणूस. मला वाकडी ओळ चालेल, चांदण्याही चालतील. सरळ रकान्यातला खोटा आकडा नको.

पंचकार्ड
ते मान्य. पण रकाना किती रुंद हवा हे आधी ठरवायचं असतं. ते काम प्रोग्रॅमरचं, भाषेचं नव्हे.

अर्धचंद्र
एचटीएमएलवाल्यांना एकच विचारतो: सेक्रेटरी ती यादी व्हॉट्सॲपवर टाकणार, तेव्हा तुमचा टेबल कुठे जाईल?

आणि ‘स्क्रीनवरची रुंदी मोजणारी लायब्ररी (तयार कोड) वापरा’ असं कोणी म्हणायच्या आत सांगून ठेवतो. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) लेखी उकार जागा न घेणारं चिन्ह आहे, पण काना आणि वेलांटी जागा घेणारी. एक टर्मिनल (नुसता मजकूर दाखवणारी खिडकी) वेलांटीला एक घर देतं, दुसरं देत नाही. वर देवनागरीचा फाँट बहुधा समरुंद (सगळी अक्षरं एका रुंदीची) नसतोच. लायब्ररीने अचूक मोजलं तरी ‘ज’ आणि ‘क्ष’ एका मापाचे होणार नाहीत.

मी गेली काही वर्षं एवढंच करतो: नाव शेवटच्या रकान्यात ढकलतो. आकडे आधी, उजवीकडे टेकवून, पैसे कायम दोन घरांत. नावानंतर काही छापायचंच नाही, तर ते हवं तेवढं लांबू दे. ढकलायला पुढे कोणी नाही.

हिशेबनीस
वाचणारा आधी नाव शोधतो पण. रक्कम आधी वाचून ‘हे कोणाचे?’ म्हणत उजवीकडे जायचं?

अर्धचंद्र
थकबाकीच्या यादीत आधी रक्कमच बघतात. नाव मग चवीने.

रिकामटेकडा
हा हा. करून बघितलं. आधी फ्लॅट नंबर, मग रक्कम, मग नाव. ए विंगचं पान अगदी सरळ आलं, दोन दोनदा पट्टी लावून पाहिलं. एचटीएमएलचा हट्ट निदान ह्या यादीपुरता सोडला.

बी विंग मात्र हलली. फ्लॅट नंबर मी देवनागरीत लिहिलेत, आणि ‘ए’ एक चिन्ह असलं तरी ‘बी’ दोन आहेत.