कचरागाडीचं गाणं खरं, मग प्लंबरचं ‘बस, निकल गया’ खोटं का?

टंकीवाले_काका (इंदूर)

मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, तत्त्वज्ञान हा माझा प्रांत नाही. तरी प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून इथे टाकतोय.

राजेंद्र नगरला आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी येते. कोपऱ्यावर तिचं गाणं ऐकू आलं की मी ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या घेऊन दारात हजर. गाणं वाजलं आणि गाडी आली नाही, असं मला तरी एकदाही आठवत नाही.

आता दुसरा आवाज ऐका. परवा गच्चीवरच्या टंकीचा बॉलकॉक गेला. नर्मदेचं पाणी, इतक्या लांबून चढवून आणलेलं, धो धो वाहून शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. प्लंबरला फोन केला. “बस, निकल गया काकाजी!” मागे कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू आली. तासाभराने पुन्हा फोन, तर “रस्ते में ही हूँ”, आणि मागे टीव्हीवरची मॅच. आला संध्याकाळी सहाला. कुरडयांचं काय झालं ते विचारू नका, वहिनी अजून बोलत नाहीत.

दोन्ही फुकटचेच आवाज. मग एकावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि दुसऱ्यावर नाही, हे कशाने ठरतं? नातू म्हणतो याचं उत्तर उत्क्रांतीच्या गेम थिअरीत, म्हणजे डावपेचांच्या गणितात आहे. त्याने फोनवर समजावलं, अर्धं डोक्यावरून गेलं. शिवाय आमचा प्लंबर काही उत्क्रांत वगैरे होत नाही हो, बावीस वर्षं बघतोय त्याला.

बडोदेकरीण

काका, मी इथे बडोद्याला संख्याशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

शब्दांना अर्थ लोकांच्या ठरावाने मिळतो असं म्हटलं, तर पहिला ठराव कोणत्या भाषेत केला? ही तत्त्वज्ञ क्वाइनची जुनी शंका. १९६९ मध्ये डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने तिला उत्तर म्हणून एक खेळ मांडला. एकाला बाहेरची स्थिती दिसते, तो खूण करतो. दुसऱ्याला फक्त खूण दिसते, तो कृती करतो. कृती स्थितीला जुळली तर दोघांचा फायदा. पुढे ब्रायन स्कर्म्स या तत्त्वज्ञाने दाखवलं की यात ठरवणाऱ्या डोक्याचीसुद्धा गरज नाही, डाव पुन्हा पुन्हा खेळत राहिलं तरी पुरे.

हे मी वर्गात राजमा आणि छोल्यांवर करून घेते. खूण करणाऱ्यापुढे दोन वाट्या, एक ‘पाऊस’ची, एक ‘ऊन’ची. दोन्हींत एकेक राजमा, एकेक छोला. नाणं उडवून हवा ठरवायची, त्या वाटीतून न बघता एक दाणा काढून समोरच्याला दाखवायचा. त्याच्याकडेही दोन वाट्या, राजमा दिसला तर ही, छोला दिसला तर ती, आणि त्यांत ‘छत्री’ आणि ‘टोपी’च्या चिठ्ठ्या. तोही न बघता एक उचलतो. पावसाला छत्री किंवा उन्हाला टोपी जुळली, तर दोघांनी जे काढलं ते परत ठेवून तसलंच आणखी एक टाकायचं. नाही जुळलं तर नुसतं परत ठेवायचं.

पहिले वीसेक डाव सगळा सावळागोंधळ. मुलं वैतागतात. तास संपत आला की एका बाकावर राजमा म्हणजे पाऊस व्हायला लागतो, मागच्या बाकावर छोला म्हणजे पाऊस. कुणीच काही ठरवलेलं नसतं. पाऊस आणि ऊन सारख्याच वेळा येत असतील, तर डाव अखंड चालू ठेवल्यावर शेवटी चोख जोडी जमतेच, हे २००९ मध्ये सिद्ध झालंय. दोनाऐवजी तीन स्थिती घेतल्या की मात्र गाडी अर्ध्यावर अडकू शकते.

पण यात मेख आहे. दोघांचं हित एकच धरलंय. तुमची कचरागाडी त्यात बसते, तिला कचरा हवा आणि तुम्हाला तो घालवायचा आहे. प्लंबर निघालेला असो की जेवत बसलेला, त्याला एकच हवं, तुम्ही दुसऱ्याला बोलावू नये. म्हणून दोन्ही स्थितींत एकच खूण. ती ऐकून तुमचा अंदाज तसूभरही हलत नाही, म्हणजे तिच्यात माहिती शून्य.

ग्वाल्हेरचा_शंकेखोर

आधी उत्क्रांतीचं. काका, इथे प्लंबरला पोरं होऊन ती प्लंबर व्हायला हवीत असं काही नाही. टेलर आणि जाँकर या गणितज्ञांचं १९७८ चं समीकरण एवढंच सांगतं की सरासरीपेक्षा जास्त लाभ देणाऱ्या चालीचा वाटा वाढत जातो. तो वंशाने वाढला की नकलेने, याच्याशी गणिताला घेणंदेणं नाही. तुमच्या प्लंबरचा हेल्पर फोनवर काय बोलायला शिकतोय, ते ऐका एकदा.

ताईंच्या ‘शून्य’वर मात्र माझी हरकत आहे. काका, हा गडी कधी “आज नहीं हो पाएगा” म्हणालाय का?

टंकीवाले_काका (इंदूर)

म्हणालाय ना, दोनदा. एकदा मेहुण्याच्या लग्नात होता तेव्हा, एकदा पाय मुरगळला होता तेव्हा. दोन्ही वेळा खरंच आला नाही.

ग्वाल्हेरचा_शंकेखोर

मग शून्य कसं? क्रॉफर्ड आणि सोबेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये नेमकं हेच मांडलं. हित पूर्ण जुळत नसलं तरी थोडं जुळत असेल, तर फुकटच्या बोलण्यातूनही माहिती पोचते, फक्त जाडीभरडी. किती वाजता येणार, ते कळत नाही. आज येणार की नाही, ते कळतं. त्यालाही तुमचं गिऱ्हाईक तोडायचं नाहीये. तेव्हा ‘निकल गया’चा त्या गल्लीतला अर्थ ‘तुमचं काम सोडलेलं नाही’ एवढाच. आपण कोशातला अर्थ लावतो आणि चिडतो.

टंकीवाले_काका (इंदूर)

म्हणजे तो खोटं बोलतच नाही? हे जरा पचायला जड जातंय. आमची सून पुण्याची. नवीन आली तेव्हा त्याच्या एका फोनवर अर्धा तास फाटकाशी उभी राहिली होती. तिची फसवणूकच झाली की! मला माहीत असतं म्हणून मी आत जाऊन चहा ठेवतो.

बडोदेकरीण

शंकेखोर, ‘शून्य’ मागे घेते. वेळेबद्दल शून्य, दिवसाबद्दल नाही.

काका, सुनेची फसवणूक झाली हे मलाही पटतं. तिच्या शहरातली जोडी वेगळी होती, मागच्या बाकावरच्या छोल्यासारखी. पण प्लंबरने ती मुद्दाम केली असं म्हणवत नाही, तो सगळ्यांशी तेच बोलतो.

वेळ पाळायला लावायची असेल तर नुसतं बोलणं पुरत नाही. जीवशास्त्रज्ञ अमोट्झ झहावी १९७५ मध्ये म्हणाला की खूण महाग असेल तरच ती खरी राहते, मोराच्या पिसाऱ्यासारखी. त्याची फार टिंगल झाली. मग १९९० मध्ये जीवशास्त्रज्ञ ॲलन ग्राफेनने ते गणितात बसवून दाखवलं. पुढे त्यातही सुधारणा झाली, खऱ्याला खर्च पडायलाच हवा असं नाही, खोट्याला पडला की झालं. तेव्हा पुढच्या वेळी काम अर्धवट सोडून निघाला तर म्हणावं, पाना इथेच ठेवून जा. येणार असेल तर त्याचं काहीच जात नाही.

टंकीवाले_काका (इंदूर)

केलं. वॉशर आणायला म्हणून निघाला, तेव्हा मी पाइप पाना मागितला. न कुरकुरता देऊन गेला, “अभी आया काकाजी.” मी खूश.

ही मंगळवारची गोष्ट. आज शुक्रवार. पाना मोरीत पडलाय. आत्ता उचलून नीट बघितला, तर त्याचा जबडा हलतच नाहीये, आटे पार झिजलेत.