मराठी सिनेमाची घरी ठेवण्याजोगी प्रत आहे कुठे?

रीळवेडा (धागाकर्ता)

परवा ‘किल्ला’ पुन्हा पाहिला, एका ओटीटीवर. अविनाश अरुण हा मुळात कॅमेरामन. त्याने कोकणातला पाऊस असा टिपलाय की पोराचं एकटेपण वेगळं सांगायला लागत नाही. पण पावसाने जोर धरला की घरच्या पडद्यावर आभाळाचे चौकोन व्हायचे. काळोख आला की करड्या रंगाचे पट्टे. टीव्ही बरा आहे, नेट फायबरचं आहे. अडचण वेगळीच आहे: एका फ्रेममध्ये जे होतं तेच पुढच्या फ्रेममध्ये असेल तर ते पुन्हा पाठवायचं नाही, अशा बचतीवर ही सगळी व्यवस्था चालते. पाऊस, धुकं, चुलीचा धूर यांत दोन फ्रेम सारख्या नसतातच. मग बिट (चित्राची पाठवायची माहिती) कमी पडतात आणि मार बसतो तो नेमका ज्यासाठी सिनेमा पाहायचा त्या गोष्टीला.

साध्या ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत जागा मिळते, फोर-के डिस्कवर एकूण 128 पर्यंत. नेटफ्लिक्स फोर-केसाठी 15 मेगाबिटचं नेट पुरे म्हणतं. यापुढे वाद घालण्यात अर्थ नाही, पण तुम्ही घालणार हे माहीत आहे.

माझं खरं दुखणं मराठीचं आहे. आपण व्हीसीडीवरून उडी मारली ती थेट स्ट्रीमिंगवर. मधलं चांगलं काही आपल्या वाट्याला आलंच नाही. व्हीसीडी म्हणजे 352 बाय 288 ठिपके, एका चकतीवर जेमतेम 74 मिनिटं, म्हणून ऐन रंगात आल्यावर उठून दुसरी चकती घालायची. चकत्या बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली तेव्हा आपण पिशव्या भरभरून आणल्या. स्वस्ताई झाली, पण दर्जा कुणी मागितलाच नाही. रुंद पडद्याचा सिनेमा दोन्ही बाजूंनी कापलेला, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, गाण्यावर जाहिरातीची पट्टी. ‘सामना’, ‘सिंहासन’सारखे कृष्णधवल सिनेमे आपल्यातल्या बहुतेकांनी अशाच खरवडलेल्या प्रतींतून पाहिले आणि वर म्हटलं, ‘जुना आहे ना, तसाच असणार.’ तसा नव्हता हो तो!

म्हणून माझं ठाम मत: ज्या मराठी सिनेमाबद्दल आपण अभिमानाने बोलतो त्याची नीट डिस्क निघायला हवी. सबटायटलसह, मूळ चौकटीत, दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली. 800 रुपये ठेवा किंमत, मी देईन.

आणि हो, ओटीटीवर आहे म्हणजे आपल्याकडे आहे असं नाही. ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ सिनेमा 2024 च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवरून एका रात्रीत गेला. सिनेमा आवडो न आवडो, कपाटातली डिस्क अशी कुणी उचलून नेत नाही.

---

साधा_प्रेक्षक

साहेब, मेगाबिट मोजत सिनेमा पाहणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात किती? आमच्या तालुक्याला थिएटर होतं, त्याचं आता मंगल कार्यालय झालंय. माझी आई दुपारी मोबाइलवर यूट्यूब लावून ‘अशी ही बनवाबनवी’ पाहते. 1988 चा सिनेमा, आणि कालच लागल्यासारखी हसते. तिला चौकोन दिसत नाहीत. दिसले तरी तिची तक्रार नाही.

मराठी सिनेमा जिवंत ठेवला तो फुकटच्या यूट्यूबने आणि रविवार दुपारच्या टीव्हीने. 800 रुपयांच्या डिस्कने तो पुण्या-मुंबईच्या चार दिवाणखान्यांत जाईल आणि तिथे काचेमागे बसेल. तुमच्या छंदाला माझा विरोध नाही. फक्त त्याला मराठी सिनेमाची सेवा म्हणू नका.

---

तिसरी घंटा

साधा_प्रेक्षक यांच्याशी निम्मी सहमत. व्हीसीडीला इतकं वाईट बोलवत नाही मला. ‘वाऱ्यावरची वरात’ आणि ‘वस्त्रहरण’ आमच्या पोरांपर्यंत पोचलं ते तिच्यामुळेच. नाटकाचा प्रयोग संपला की संपला. पु. ल. रंगमंचावर कसे वावरायचे, मच्छिंद्र कांबळी शब्द कसा फेकायचे, हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं नाही त्यांना कुठून कळणार होतं? चित्र फुटकं असेल, पण हशा स्वच्छ ऐकू येतो.

पण त्यातल्या निम्म्या चकत्या आता प्लेअर वाचत नाही, हेही खरं. ‘कपाटातली डिस्क कुणी नेत नाही’ म्हणता, आमच्याकडे बुरशीने नेली. दमट हवा, पातळ कागदी पाकीट आणि स्वस्तातला माल. कोकणात राहून बघा.

---

रीळवेडा

@साधा_प्रेक्षक: आईंना नमस्कार सांगा. पण तुम्ही म्हणता ते माझ्या मुद्द्याच्या आड कुठे येतं? यूट्यूबवर असू दे की. मी एवढंच विचारतोय की कुठेतरी एक चांगली प्रत आहे का, जिच्यावरून उद्या यूट्यूबवरचीही सुधारता येईल. ‘बनवाबनवी’ ज्या प्रतीतून आई बघतात, तिच्यापेक्षा चांगली बघायला मिळाली तर त्या नको म्हणतील?

@तिसरी घंटा: बुरशी लागली ती स्वस्त मालाला. तुम्ही 28 रुपयांच्या वस्तूवरून 800 च्या वस्तूचा न्याय करताय. बाकी ‘वस्त्रहरण’बद्दल शंभर टक्के.

---

पडद्यामागे

वितरणाच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

रीळवेडे, तुम्ही डिस्क मागताय, पण दुखणं डिस्कच्या बरंच आधी सुरू होतं. मराठी निर्माता टीव्हीचे, डिजिटलचे, होम व्हिडिओचे हक्क बहुतेकदा एकगठ्ठा विकून मोकळा होतो. त्याला पुढच्या सिनेमाला पैसे हवे असतात. घेणाऱ्याला टीव्ही आणि ऑनलाइन यांतून वसुली करायची असते. डिस्कचा हक्क त्या गठ्ठ्यात फुकट पडून राहतो, तिसऱ्याला कुणी देतही नाही.

दुसरं, छपाई. कारखान्यात डिस्क प्रेस करायची तर आधी काचेचा मास्टर (ज्यावरून प्रती निघतात तो साचा) बनतो, म्हणजे पन्नास-शंभर प्रतींना हात घालता येत नाही. ब्लू-रेला कॉपी-संरक्षणाच्या परवान्याचे पैसे वेगळे. शिवाय आपल्या कायद्याने सेन्सॉर प्रमाणपत्र वेष्टनावर छापावं लागतं. हे सगळं करून माल ठेवणार कुठे? मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-सीडीचं दुकान 2016 मध्ये बंद झालं. मोझर बेअर 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. अमेरिकेत बेस्ट बाय या मोठ्या दुकान-साखळीने डिस्क विकणं सोडलं, सॅमसंगने 2019 मध्येच नवे प्लेअर आणणं थांबवलं. जिथे गिऱ्हाईक होतं तिथे ही गत, तर आपली काय कथा!

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: सिनेमाचा मास्टर, म्हणजे मूळ प्रत. जुन्या सिनेमांच्या निगेटिव्ह लॅबमध्ये असायच्या. रिळांचा जमाना संपला, लॅब बंद पडल्या, निर्माते वारले, वारसांना त्या डब्यांत काय आहे हे ठाऊक नाही. काही डबे थकीत बिलापोटी अडकले. नव्या सिनेमांचं याहून बरं आहे असं समजू नका. थिएटरला जातो तो डीसीपी, म्हणजे सिनेमाची डिजिटल प्रत, चित्राला सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत देतो, तुमच्या फोर-के डिस्कच्या दुप्पट. पण तो बहुतेकदा कुलूपबंद असतो आणि किल्लीला मुदत असते. मूळ फाइल्स कुठल्या तरी हार्ड डिस्कवर, ती कुठल्या तरी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि ते ऑफिस सोडून झालेली वर्षं. 2012 नंतरच्या सिनेमांची मला जास्त धास्ती वाटते.

तेव्हा पैसे घालायचेच असतील तर स्कॅनिंगमध्ये घाला. डिस्क हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे.

---

साधा_प्रेक्षक

पडद्यामागे यांना +1. मी हेच म्हणत होतो.

---

रीळवेडा

तुम्ही अजिबात हे म्हणत नव्हता. :)

---

ओहायोची मावशी

इथे अमेरिकेत बसून लिहिते. व्हीसीडी-डीव्हीडीचं कौतुक करणाऱ्यांनी तो काळ इकडे काढलेला नसावा. भारतातून बॅग भरून आणायचं आणि इथला प्लेअर ढिम्म हलायचा नाही. आपल्या डिस्क पालमध्ये, इथले टीव्ही एनटीएससी, म्हणजे चित्र दाखवायच्या दोन वेगळ्या पद्धती. मुंबईत अधिकृत विकत घेतलेल्या हॉलिवुडच्या डीव्हीडीवर कुठल्या भागात चालेल ते ठरवणारं कुलूप, रीजन पाच, इथला प्लेअर रीजन एक. शेवटी सगळं वाचणारा चिनी प्लेअर घ्यावा लागला.

पण सर्वांत मोठी अडचण सबटायटलची. माझ्या मुलांना मराठी समजतं, पण ‘फँड्री’तली बोली कानावरून जाते. व्हीसीडीवर सबटायटल म्हणजे चित्रावरच छापलेली, ती बंद-चालू करता येत नाहीत, आणि मराठी व्हीसीडीवर बहुधा नसायचीच. ओटीटीने हे एका फटक्यात सोडवलं. ‘द डिसायपल’ 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आला त्याच दिवशी आम्ही इथे पाहिला, मुलाच्या मेक्सिकन मित्रासकट. हे डिस्कला कधी जमलं असतं?

आता रीळवेड्यांच्या बाजूने एक. सत्यजित राय यांची अपू-त्रयी मी इथल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातून ब्लू-रेवर आणून पाहिली, फुकट. तिच्या निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या होत्या. इटलीतल्या बोलोन्यामध्ये फ्रेम न् फ्रेम दुरुस्त केल्यावर 2015 मध्ये ती डिस्क आली. ‘पाथेर पांचाली’त पाण्यावर किडे नाचतात ते दृश्य मी पूर्वी टीव्हीवर पाहिलं होतं, पण किडे तेव्हा दिसलेच नव्हते. त्या रात्री मला रागच आला. बंगाल्यांचं होतं, मग आपलं का नाही?

---

तिसरी घंटा

मावशी, आपलं का नाही याचं अर्धं उत्तर पुण्यातच आहे. 2003 च्या जानेवारीत पटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या काळातली मूळ सामग्रीही गेली. ‘संत तुकाराम’ 1937 मध्ये व्हेनिसला वाखाणला गेलेला सिनेमा. दुसऱ्या देशात त्याला वेगळी इमारत बांधली असती.

---

रीळवेडा

पडद्यामागे, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे, पण निष्कर्ष पटला नाही. ‘आधी स्कॅन, मग डिस्क’ हे ऐकायला बरं वाटतं. स्कॅनला पैसे कोण देणार? सरकारच्या भरवशावर बसलात तर रांगेत दोन हजार सिनेमे तुमच्या पुढे असतील. अपू-त्रयीच्या कामात ज्या क्रायटेरियनने पुढाकार घेतला ती डिस्क विकणारी कंपनी आहे. विकत घेणारं गिऱ्हाईक समोर होतं म्हणून कुणीतरी आगीत भाजलेल्या निगेटिव्ह हातात घेतल्या. म्हणजे गिऱ्हाईक आधी. ओटीटीला मराठीचा एक सिनेमा वाईट दिसला म्हणून वर्गणीदार सोडून जात नाही, तिथे दर्जा मागायची सोयच नाही. डिस्क विकत घेणारा मात्र 800 रुपये मोजतो आणि चित्र फुटलं तर भांडायला येतो.

आणि मावशी, सबटायटलचं श्रेय ओटीटीला दिलंत ते मान्य. पण ती सोय डीव्हीडीवर पहिल्यापासून होती. आपल्याकडच्या कंपन्यांनी वापरली नाही.

---

पडद्यामागे

क्रायटेरियनचं उदाहरण चुकीच्या ठिकाणी लावताय. त्यांच्यामागे ऑस्करवाल्या अकादमीचं फिल्म संग्रहालय होतं आणि जगभरचं इंग्रजी वाचणारं गिऱ्हाईक होतं. राय हे नाव जगाला ठाऊक. ‘सिंहासन’ची डिस्क पोलंडमध्ये कोण घेणार आहे?

दुसरं उदाहरण देतो, तुम्हाला आवडणार नाही. ‘तुंबाड’ 2018 मध्ये थिएटरात जेमतेम चालला. नंतर लोकांनी ओटीटीवर पाहिला, एकमेकांना सांगत सुटले, आणि 2024 मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावला. म्हणजे तुमच्याच लाडक्या पावसाचा सिनेमा लोकांनी आधी चौकोनी ठिपक्यांत पाहिला आणि मग तिकीट काढून मोठ्या पडद्यावर गेले. दर्जाची भूक डिस्कने भागवायची गरज नाही, थिएटर आहे की.

---

साधा_प्रेक्षक

आमच्याकडे थिएटर नाही हो. वर सांगितलं ना, मंगल कार्यालय.

---

ओहायोची मावशी

आणि ‘तुंबाड’ हिंदीत आहे. मराठी सिनेमा पुन्हा लागला तर आमच्या गावात कोण आणणार? महाराष्ट्र मंडळाने हॉल घेतला तर गणपतीत एखादा.

---

पडद्यामागे

बरं. मग बोलण्यापेक्षा करून बघू. निगेटिव्ह शाबूत आहे, वारस हयात आहेत आणि हक्क गठ्ठ्यात अडकलेले नाहीत, असे दोन-तीन सिनेमे माझ्या माहितीत आहेत. पाचशे माणसांनी आगाऊ पैसे भरले तर स्कॅनचा नाही, पण निदान डिस्कच्या छपाईचा खर्च निघेल. स्कॅनसाठी कुणीतरी धनवान मराठी माणूस धरावा लागेल. नावं आत्ता जाहीर करत नाही, नाहीतर उद्या वारस भाव वाढवतील. कृष्णधवल चालेल ना?

---

रीळवेडा

पहिला मी. दोन प्रती.

---

ओहायोची मावशी

सबटायटल असतील तर मी. आणि रीजनचं कुलूप नको, आत्ताच सांगते.

---

तिसरी घंटा

सिनेमाच का? नाटकाचं चित्रीकरण का नाही? कुठलं ते मी सांगते.

---

साधा_प्रेक्षक

कृष्णधवल असेल तर आई बघणार नाही. ‘बनवाबनवी’ काढा, मी चार घेतो. प्लेअर मात्र कुठला घ्यायचा तेही सांगा, आमचा जुना भंगारवाल्याला दिला.