नवीन फायबर घेतल्यापासून मेल येतायत पण जात नाहीत, काय करू?

सूतगिरणी_कोपरा:
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, चार पीसी, सगळ्यांवर आउटलुक. मेल आयडी आमच्या स्वतःच्या डोमेनचे आहेत, होस्टिंग एका छोट्या कंपनीकडे. गेल्या आठवड्यात जुनं ब्रॉडबँड बंद करून लोकल केबलवाल्याचं फायबर घेतलं, स्पीड झकास आहे, येणारे मेल धडाधड येतात, पण पाठवलेला एकही मेल जात नाही, आउटबॉक्समधे पडून राहतो आणि थोड्या वेळाने सर्व्हरने उत्तर दिलं नाही असं म्हणून टाइमआउट. आउटगोइंगला सेटिंग जुन्या ब्रॉडबँड कंपनीचा एसएमटीपी (मेल पाठवणारा) सर्व्हर, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) २५, पासवर्ड काही नाही, वर्षानुवर्षं असंच चालू होतं. गंमत म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघितला तर टाइमआउट येत नाही, लगेच ‘रिलेइंग डिनाइड’ असा वेगळाच एरर येतो. आणि माझ्या फोनवर तोच आयडी टाकलाय, तिथून फायबरच्या वायफायवर पण मेल व्यवस्थित जातो!! केबलवाल्याला फोन केला तर म्हणतो नेट चालू आहे ना मग आमच्याकडून काही नाही. जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख तोंडावर आलीय, सगळ्या पार्ट्यांना चलन आणि वर्किंग पाठवायचंय, सध्या व्हॉट्सॲपवर भागवतोय. प्लीज कोणीतरी सांगा.

बिनधास्त_७७:
अँटीव्हायरसचं ईमेल स्कॅनिंग बंद करून बघा. माझ्याकडे तोच प्रॉब्लेम होता.

सूतगिरणी_कोपरा:
ते पहिल्यांदाच केलं दादा. फरक नाही. आणि चारही पीसीवर सेम आहे.

रॅकमधला_माणूस:
अँटीव्हायरस नाही. तुम्ही दोन वेगळे एरर लिहिलेत ते बरं केलंत, कारण तुमच्याकडे दोन वेगळे लोचे आहेत आणि एकातून सुटलात तर दुसऱ्यात अडकाल.

पहिला: फायबरवाल्याने बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवलाय. यात त्याचं काही चुकत नाही, जगभर बरेच आयएसपी (नेट देणाऱ्या कंपन्या) घरगुती आणि छोट्या कनेक्शनवर तो बंदच ठेवतात. कारण व्हायरस लागलेला पीसी मालकाला न कळता त्याच पोर्टवरून थेट जगभरच्या मेल सर्व्हरना स्पॅम पाठवत सुटतो. त्यात लोकल फायबरवर बहुतेक वेळा सीजीनॅट असतं, म्हणजे एकच पब्लिक आयपी कित्येक घरांत वाटलेला, एका घरातल्या पीसीने घाण केली की अख्खी गल्ली ब्लॅकलिस्टमधे. आता असा अडवलेल्या पोर्टवर बहुतेक वेळा समोरून नकारसुद्धा येत नाही, पॅकेट गपचूप टाकून दिलं जातं, म्हणून आउटलुक बिचारं वाट बघत बसतं आणि टाइमआउट.

दुसरा: हॉटस्पॉटवर पोर्ट २५ उघडा निघाला, तुम्ही जुन्या ब्रॉडबँडवाल्याच्या सर्व्हरपर्यंत पोचलात, पण त्याने हाकललं. तो तुम्हाला पासवर्डवरून ओळखतच नव्हता, तुमचा आयपी आपल्या नेटवर्कमधला आहे एवढंच बघून मेल पुढे ढकलायचा. कनेक्शन सोडलं, ओळख संपली.

फोनवरून जातं कारण फोनमधे सेटिंग करताना होस्टिंगचा सर्व्हर आणि ४६५ किंवा ५८७ पडलं असणार. तेच बघून आउटलुकमधे टाका: आउटगोइंग सर्व्हर होस्टिंगवाल्याचा, पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन स्टार्टटीएलएस. किंवा पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस. जोडी उलटी केलीत की पुन्हा लटकेल, बहुतेक जण इथेच मार खातात. मग ‘आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं’ ला टिक, युजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल आयडी. सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर येस येस करत बसू नका, शेअर्ड होस्टिंगवर सर्टिफिकेट कधीकधी होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरच्या नावावर असतं, ते नाव त्याच्याकडून घेऊन टाका.

सेटिंगला हात लावायच्या आधी खात्री करायची असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमधे टेस्ट-नेटकनेक्शन कमांडला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट द्या. २५ ला फॉल्स आणि ५८७ ला ट्रू आलं की विषय क्लिअर.

जुनं_मोडेम:
अगदी बरोबर. आमच्या डायलअपच्या काळात आयएसपी जो एसएमटीपी देईल तोच वापरायचा असा दंडक होता, म्हणून अजून कित्येक ऑफिसात ते सेटिंग तसंच राहिलंय, चालतंय ना मग कशाला हात लावा. एसएमटीपी १९८२ चं, तेव्हा पासवर्ड बिसवर्ड प्रकारच नव्हता. युजरने मेल द्यायला वेगळा पोर्ट ५८७ हे १९९८ मधे ठरलं, तरी आपल्याकडचे इन्स्टॉल करणारे पोरगे आजही डोळे मिटून २५ टाकतात.

फायबर_भाऊ:
एवढं कशाला करता राव, केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्या आणि पोर्ट २५ उघडून मागा, महिन्याचे थोडे पैसे जातील.

रॅकमधला_माणूस:
@फायबर_भाऊ पैसे वाया जातील. पोर्ट उघडला तरी जुना सर्व्हर ‘रिलेइंग डिनाइड’च म्हणणार. स्टॅटिक आयपी आणि पोर्ट २५ स्वतःचा मेल सर्व्हर ठेवणाऱ्याला लागतो, आणि त्याला पुढे रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) लावून घ्या, आयपी स्पॅमहाउसच्या पीबीएल मधे (ज्यांवरून थेट मेल यायला नको अशा आयपींची यादी) असेल तर काढून घ्या, ही सगळी कटकट. चार पीसीच्या ऑफिसने यात पडू नये.

सूतगिरणी_कोपरा:
झालं!! ५८७ टाकून तीन पीसीवरून मेल गेले, मनापासून आभार. चौथा विंडोज ७ आणि आउटलुक २०१० वाला आहे, तो एन्क्रिप्शन जमत नाही म्हणतो. आणि झेरॉक्स मशीनमधून स्कॅन करून डायरेक्ट मेल जायचा तो पण बंद आहे. शिवाय एका मोठ्या पार्टीकडून मेल बाउन्स होऊन आला, त्यात एसपीएफ फेल लिहिलंय. हे आता काय नवीन?

रॅकमधला_माणूस:
विंडोज ७ चं कारण बहुतेक टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत. जुनं आउटलुक टीएलएस १.० बोलतं, आणि हल्ली बरेच सर्व्हर १.२ च्या खाली ऐकूनच घेत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा अपडेट आणि रजिस्ट्रीतला बदल करून जमतं, पण तो पीसी बदला किंवा त्याच्यावर थंडरबर्ड (दुसरं मेल सॉफ्टवेअर) टाका, लोकांचे पॅन आणि बँक डिटेल असलेल्या ऑफिसात विंडोज ७ ठेवू नये असं माझं स्पष्ट मत. झेरॉक्सवाल्यात पण आधी ५८७ आणि पासवर्ड टाकून बघा, नाही घेतलं तर ‘स्कॅन टू फोल्डर’ लावा, स्कॅन पीसीवर येईल, तिथून पाठवा.

डीएनएस_काकू:
एसपीएफचं मी सांगते. डोमेनच्या डीएनएसमधे (इंटरनेटवरची नावांची नोंदवही) एक टीएक्सटी रेकॉर्ड असतो, आमच्या नावाने कुठकुठल्या सर्व्हरवरून मेल निघू शकतो त्याची यादी. तुमच्यात जुन्या ब्रॉडबँडवाल्याचंच नाव असणार, आता मेल होस्टिंगवरून निघतोय म्हणून पार्टीचा सर्व्हर म्हणतो हा कोण. होस्टिंगवाल्याला सांगून यादी बदलून घ्या. आणि हो, जुना रेकॉर्ड ठेवून शेजारी दुसरा नवीन टाकू देऊ नका, एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो, दोन दिसले की दोन्ही बाद. हात लागलाच आहे तर डीकेआयएम (मेलवर डोमेनची डिजिटल सही) पण चालू करून घ्या, जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या सगळ्यांना दोन्हीपैकी किमान एक तरी सक्तीचं केलंय. बदल सगळीकडे पोचायला काही तास लागतात, तोवर त्या पार्टीला पुन्हा पुन्हा पाठवू नका.

बिनधास्त_७७:
काकू, माझा जीमेलचा आयडी आउटलुकमधे आहे, पासवर्ड बरोबर असून घेत नाही, तो पण हाच प्रकार का?

डीएनएस_काकू:
नाही, तो वेगळा. गुगलने २०२२ मधे साध्या आयडींसाठी नुसत्या पासवर्डने लॉगिन बंद करायला घेतलं. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग १६ अक्षरी ॲप पासवर्ड बनवता येतो, तो आउटलुकमधे टाका. पुढचं नवीन धाग्यात विचारा, हा इचलकरंजीवाल्यांचा आहे.

सूतगिरणी_कोपरा:
होस्टिंगवाल्याने रेकॉर्ड बदलला, त्या पार्टीचा मेल गेला. झेरॉक्सला फोल्डर लावलं. विंडोज ७ वाला पीसी आमच्या अकाउंटंट मॅडम सोडायला तयार नाहीत, त्यांना २० तारखेनंतर पटवतो.