परदेशातल्या भावाने पैसा पाठवायचा की भांडवल?

नैरोबीकर

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी नैरोबीजवळच्या थिका शहरातली आहे. तिचा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये नर्स. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास तिच्या फोनवर एम-पेसाचा, म्हणजे इथल्या मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याच्या सेवेचा, मेसेज येतो आणि तासाभरात पैसे वाटूनही होतात. आईची औषधं, दोन पुतण्यांची फी, कुणाच्या तरी मयतीची वर्गणी. "तो डबल ड्युट्या करतो आणि इथे महिनाअखेरीला पुन्हा खडखडाट," हे तिचेच शब्द.

हे एका घरापुरतं नाही. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२३ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत परदेशस्थांकडून सुमारे ५४ अब्ज डॉलर आले. एकट्या केनियात २०२४ मध्ये ४.९ अब्जांच्या आसपास. चहा, फुलं, पर्यटन, यांतलं काहीही केनियाला एवढं परकीय चलन मिळवून देत नाही. आणि त्याच केनियात एखादी शिवणकाम करणारी बाई दोन मशिनं घ्यायला बँकेत गेली, तर त्या वर्षी कर्जाचा सरासरी दर १७ टक्क्यांच्या घरात होता.

माझं म्हणणं असं, की या पैशातला एक वाटा धंद्यात भागीदारी म्हणून यायला हवा. सरकारी रोख्यांत नको आणि नातेवाइकाच्या हातात रोख तर मुळीच नको. इथे 'चामा' असतात, म्हणजे आपली भिशीच. दहा-पंधरा जणी महिन्याला पैसे काढतात, कुणी जमीन घेतं, कुणी मटाटू (प्रवासी मिनीबस) रस्त्यावर आणतं. परदेशातल्यांनी हीच पद्धत वापरून गावाकडच्या उद्योगांत हिस्सा घ्यावा. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

असहमत. तुमच्या मांडणीत चलनाचा विचारच नाही.

२०२३ च्या सुरुवातीला कुणी नायजेरियात लागोसमधल्या बेकरीत १०,००० डॉलर घातले असं धरा. तेव्हाचा अधिकृत दर डॉलरला साधारण ४६० नायरा (तिथलं चलन), म्हणजे ४६ लाख नायरा. वर्षभराने दर १,५०० च्या पुढे. बेकरी उत्तम चालली, पै न पै जागेवर राहिली, तरी डॉलरमध्ये ते भांडवल ३,००० च्या आसपास उरलं. यात बेकरीवाल्याचा दोष काय आणि पैसे घालणाऱ्याचा काय? रात्रपाळ्या करून साठवलेल्या पैशावर ही जोखीम का लादायची?

उलट नायजेरियाने २०१७ मध्ये काढलेले परदेशस्थांसाठीचे रोखे बघा. ३० कोटी डॉलर, पाच वर्षं मुदत, ५.६२५ टक्के व्याज, परतफेड डॉलरमध्ये. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये रीतसर नोंदणी करून विकले आणि २०२२ मध्ये मुदतीला फेडले. आपणही हे केलंय. पोखरणनंतर निर्बंध आले तेव्हा १९९८ मध्ये स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बॉण्ड काढले आणि अनिवासी भारतीयांकडून ४.२ अब्ज डॉलर उभे केले. पैसा परतही गेला. सरकारी कागद म्हणून त्याला नावं ठेवू नका.

नैरोबीकर

हिशेबनीस, नायऱ्याचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण रोख्यांची दुसरी बाजूही आहे. नाईलवरच्या मोठ्या धरणासाठी इथिओपियाने परदेशातल्या आपल्या लोकांना रोखे विकले. अमेरिकेत २०११ ते २०१४ या काळात तीन हजारांहून अधिक लोकांनी सुमारे ५८ लाख डॉलरचे घेतले. विक्रीची नोंदणीच केलेली नव्हती, म्हणून २०१६ मध्ये इथिओपियाच्या वीज कंपनीला अमेरिकी शेअर नियामकाशी तडजोड करून जवळपास ६५ लाख डॉलर मोजावे लागले. त्या लोकांनी देशाच्या प्रेमापोटी पैसे दिले होते. समोरून निदान कागद तरी सरळ हवे होते!

आणि नायजेरियाच्या रोख्यांचा पैसा सरकारी अंदाजपत्रकात गेला. बेकरीवाल्याला त्यातून काय मिळालं?

हिशेबनीस

त्याच धरणाचं २०२५ च्या सप्टेंबरमध्ये रीतसर उद्घाटन झालं, हेही लिहा. बेकरीला आधी वीज लागते.

दापोलीकर

वाचताना सारखा आमचा गाव डोळ्यांसमोर येत होता.

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या पश्चिमेला 'काय' (Kayes) नावाचा प्रदेश आहे. तिथली सोनिंके माणसं पिढ्यानपिढ्या फ्रान्सला जातात. पॅरिसजवळच्या कामगार वसतिगृहांत राहून त्यांनी गावागणिक मंडळं काढली आणि वर्गणीतून गावाकडे शाळा, दवाखाने, विहिरी, मशिदी बांधल्या. आमच्या आजोबांच्या पिढीने गिरणगावात हेच केलं. गावकऱ्यांची सामाईक खोली, भिंतीला ट्रंका, पाळीपाळीने झोपणं आणि दर महिन्याची मनीऑर्डर. त्या पैशांवर देऊळ झालं, शाळेला कौलं चढली, रस्त्याला मोरी आली.

पण काम आलं नाही. मुलगा मॅट्रिक झाला की एसटीत बसला. आज आमच्या वाडीत अठरा घरांपैकी अकरा घरांना कुलूप आहे. वर्गणीच्या पैशाने गाव देखणा झाला आणि रिकामाही झाला. तेव्हा कुणी त्यातले चार पैसे काजूच्या कारखान्यात घातले असते तर? म्हणून मी नैरोबीकरांच्या बाजूने. दवाखाना हवाच, पण सोबत दोन-चार माणसांना पगार देणारं काहीतरी हवं.

हिशेबनीस

दापोलीकर, तुमच्याच कोकणाचा दाखला देतो. आज आंबा-काजूच्या ज्या बागा दिसतात, त्यांतल्या कितीतरी १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून उभ्या राहिल्या. कलमं, खड्डे, खत, सगळ्याला सरकारी अनुदान होतं. चाकरमान्यांची मनीऑर्डर शंभर वर्षं येत होती, पण डोंगर हिरवे व्हायला सरकारचं धोरण लागलं. रस्ते, वीज, स्थिर चलन ही कामं सरकारची. ती परदेशात राबणाऱ्या नर्सच्या गळ्यात घालू नका.

लेस्टरवासी

मी इथे इंग्लंडमध्ये इस्पितळात काम करते. वॉर्डात झिम्बाब्वेच्या, नायजेरियाच्या, घानाच्या मुली सोबत असतात. दक्षिण आफ्रिकेत कमावत्या माणसावर पडणाऱ्या घरच्यांच्या खर्चाच्या ओझ्याला 'ब्लॅक टॅक्स' म्हणतात. परवा चहाच्या सुट्टीत एकीने फोनवर फोटो दाखवला: झिम्बाब्वेतल्या बुलावायोत घराचा फक्त चौथरा, मधे वाढलेलं गवत. चार वर्षं पैसे पाठवतेय, भिंती अजून कागदावरच. बांधणारा सख्खा मामा. त्याला विचारायचं कसं, या विचारानेच तिचे डोळे भरून आले.

म्हणून "गुंतवणूक करा" म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की मामाला हिशेब विचारायची सोय काय? नात्यात लेखी करार मागितला की आईच म्हणते, परदेशात जाऊन तू परकी झालीस. आणि २०० डॉलर पाठवायला सहाराच्या दक्षिणेकडे सरासरी आठ टक्के खर्च होतो. २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांवर आणायचं जगातल्या सगळ्या देशांनी कबूल केलंय. तो आधी आणा. माझ्या मैत्रिणींना उद्योजक व्हायच्या आधी तेवढी तरी सूट मिळू दे.

नैरोबीकर

लेस्टरवासी ताई, तुमचा प्रतिसाद मी सहकारीला तोंडी इंग्रजी करून सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितलं ते तिच्या परवानगीने लिहितो.

तिच्या भावाचंही असंच झालं होतं. थिकाजवळ कोंबड्यांची शेड घालायला त्याने एका चुलतभावाला पैसे दिले. व्हॉट्सअॅपवर फोटो येत राहिले: पत्रे चढले, पिल्लं आली, पाणी प्यायची भांडी लागली. डिसेंबरात सुट्टीवर आला तेव्हा कळलं की शेड दुसऱ्याच कुणाची होती. फोनवरून शेती करणाऱ्यांना इथे 'टेलिफोन फार्मर' म्हणतात, इतका हा प्रकार नेहमीचा. त्यानंतर दोन वर्षं त्याने घरखर्चाखेरीज एक शिलिंगही पाठवला नाही.

आता पुन्हा सुरू केलंय, पण वेगळ्या रीतीने. शेड तिच्या चामातल्या सहा जणींची, भावाचा हिस्सा एक तृतीयांश, करार वकिलाकडे. पत्रे आणि खाद्याचे पैसे तो थेट दुकानदाराला देतो. अंडी विकली की पैसे एम-पेसाच्या टिलवर, म्हणजे धंद्याच्या वेगळ्या खात्यावर, जमा होतात आणि टिलचा उतारा दर रविवारी त्याला जातो. पहिल्या महिन्यात रोगाने ४० पिल्लं मेली, तेही उताऱ्यासोबत लिहून गेलं. उत्तरादाखल त्याने लसीचे पैसे पाठवले, दुकानदारालाच.

हिशेबनीस, शिलिंग घसरला तर त्याचं नुकसान होईल, हे खरंच. त्याला मी तुमचं गणित दाखवणार आहे.

हिशेबनीस

जरूर दाखवा. आणि सहा जणींना एक विचारा: अंडी स्थानिक बाजारात शिलिंगात जातात, पण खाद्यातला मका किंवा सोयाबीन बाहेरून येतं का? येत असेल, तर खाद्याचे पैसे शक्यतो डॉलर हातात असतानाच आगाऊ भरून ठेवा.

नैरोबीकर

विचारतो. रविवारी उतारा आला की इथे लिहीन.