दोन पावसाळे टिकलेला जोड तिसऱ्याच्या तोंडावर सुटला. दोष इपॉक्सीचा की माझा?

गाळेवाला_भांडुप | ९ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. भांडुपला माझा छोटा गाळा आहे. मासळीच्या टेम्पोंच्या इन्सुलेटेड बॉड्या बनवतो. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये पफ (गारवा धरणारा फोम), आतून फायबर. पूर्वी दरवाजाच्या पत्र्याला आतल्या बाजूने ॲल्युमिनियमचे अँगल पॉप रिव्हेटने (भोक पाडून बसवायच्या खिळ्यांनी) मारायचो. त्या भोकांतून पाणी पफमध्ये उतरायचं, पफ भिजून दरवाजा जड व्हायचा आणि वास यायचा. मासळीचं पाणी प्यायलेला पफ कधी उघडला असेल तर कळेल, नसेल तर देव करो न कळो. म्हणून २०२२ पासून रिव्हेट सोडले आणि दोन डब्यांच्या इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर मिसळलं की कडक होणारा गोंद) अँगल चिकटवायला लागलो.

डोळे मिटून नाही केलं. आधी १ एमएम पत्र्याच्या पट्ट्या अर्धा इंच एकमेकींवर चिकटवल्या, आठ दिवस ठेवल्या आणि चेन पुलीला लावून ओढल्या. पत्रा ताणून फाटला, जोड जागचा हलला नाही. मी खूश.

आजवर ११ बॉड्या दिल्या. गेल्या आठवड्यात ससून डॉकच्या एका मावशींचा फोन आला, "अरे, तुज्या दरवाज्याची पट्टी सुक्या बोंबलासारखी लोंबते!" जाऊन बघितलं तर खालचा अँगल दोन फूट सुटलेला. सध्या मासेमारी बंद आहे, गाड्या मोकळ्या आहेत, म्हणून बाकीच्याही बोलावून तपासल्या. आणखी दोन तशाच. सप्लायर म्हणतो माल उत्तम आहे, तुमचं मिक्सिंग चुकलं असणार.

परत रिव्हेटवर जाऊ, की याहून महागडं ॲढेसिव्ह घेऊ?

कुर्ला_फॅब | ९ जून, रात्री ११:१५

भाऊ, दोन्ही कर. चिकटव आणि वरून रिव्हेट पण मार. आम्ही असंच करतो. एक नाही तर दुसरं धरेल.

चिकट_आजी | १० जून, सकाळी ६:०५

हे नाव नातवाने ठेवलंय, हसू नका. विमानांच्या दुरुस्तीतल्या बाँडिंग शॉपमध्ये ३१ वर्षं काढली, सांताक्रूझला.

गाळेवाल्या, काहीही विकत घेण्याआधी सुटलेला अँगल उन्हात धर आणि सांग, इपॉक्सी कुठे आहे? अर्धा अँगलवर, अर्धा पत्र्यावर, मधूनच फाटलेला? की सगळा एकीकडे आणि दुसरी बाजू धुतल्या ताटासारखी? आणि चिकटवण्याआधी पत्र्याला नक्की काय काय करता ते क्रमाने लिही. "साफ करतो" असं लिहू नकोस. कोणत्या फडक्याने, कशात बुडवून, कोणाच्या हाताने, सगळं.

गाळेवाला_भांडुप | १० जून, दुपारी २:२०

आजी, बघितलं. सगळा इपॉक्सी अँगलवर. पत्र्याची बाजू साफ, फक्त कडेला पांढरी पिठूळ रेघ. इपॉक्सीवर पॉलिश पेपरच्या ओरखड्यांचा ठसासुद्धा उमटलाय, नखाला लागतो.

आमची पद्धत अशी: पोऱ्या ८० नंबरचा पॉलिश पेपर मारतो, मग बनियनच्या चिंधीने थिनर फिरवतो, की लगेच इपॉक्सी. हातमोजे नसतात. मे महिन्यात इपॉक्सी डब्यातच सेट व्हायला लागतो म्हणून डबे ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवतो. तीच सवय पुढे वर्षभर.

अजून एक. वही काढली. सुटलेल्या तिन्ही गाड्या जुलै-ऑगस्टमध्ये बांधलेल्या. सीझन सुरू व्हायच्या आत हवी म्हणून तेव्हाच ऑर्डरी येतात. पावसाळ्यातली चौथी अलिबागला आहे, ती अजून बघायला मिळालेली नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या सातही ठीक आहेत. म्हणजे पावसाळ्यात चिकटवायचं नाही, एवढंच ना?

चिकट_आजी | १० जून, रात्री ९:३०

नाही, एवढंच नाही. पण वही ठेवतोस, याबद्दल तुला दहापैकी दहा.

आधी सप्लायरशी भांडण मिटव. मिक्सिंग चुकलं असतं तर इपॉक्सी मऊ किंवा चिकट राहिला असता. तुझा कडक आहे आणि ओरखड्यांचा ठसा घेऊन आलाय. म्हणजे तो पत्र्याला नीट टेकला होता, भिजवून बसला होता. नंतर त्याला तिथून उठवलं, पाण्याने.

ॲल्युमिनियमवर कायम ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि इपॉक्सी धरतो तो त्या थराला. पण त्या ऑक्साइडला इपॉक्सीपेक्षा पाण्याची ओढ जास्त. पाणी कडेने शिरतं आणि लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखं वागतं. आधी नुसतं टेकतं, मग "जरा सरका", मग तुम्ही उभे. त्यात ऑक्साइड पाणी पिऊन फुगतो, भुसभुशीत होतो. तुझी पांढरी पिठूळ रेघ ती हीच. खारं पाणी असलं की हे सगळं जोरात.

आता तुझी चेन पुली. ती खोटं बोलली नाही, तिला तू विचारलंसच वेगळं. कोरडा, आठ दिवसांचा जोड किती ओझं घेतो, एवढंच तिने सांगितलं. घाणेरड्या पत्र्यावरचा जोडही आठव्या दिवशी मस्त आकडा देतो. शॉपमध्ये नवीन पोरं आली की मी दोन जोड ओढायला द्यायचे, एक व्यवस्थित तयारीचा, एक नुसता पेपर मारलेला. आकडे जवळपास सारखे यायचे आणि पोरं माझ्याकडे संशयाने बघायची. मग तसेच दोन ओलाव्यात ठेवायचे, की पंधरा दिवसांनी एक हाताने उकलायचा.

फ्रिजचं वाचून मात्र मी चष्मा काढून ठेवला. २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत उडत्या विमानातून सुमारे १८ फूट उचकटून गेलं. हवाईसुंदरी बाहेर ओढली जाऊन मेली, बाकीच्यांना घेऊन वैमानिकाने विमान उतरवलं हे नवल. १९६९ चं विमान, ८९,६८० उड्डाणं झालेली, कायम समुद्राच्या हवेत. त्याचे पत्र्यांचे जोड इपॉक्सी भिनवलेल्या कापडाने थंड चिकटवलेले होते. ते कापड कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचं, आणि बाहेर काढलं की त्यावर दव धरायचं. तुझा डबा जुलैत फ्रिजमधून काढून लगेच उघडलास की तेच. शिवाय बहुतेक हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन वर मेणचट साय धरतात. डबा फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर बंदच्या बंद बाहेर काढ, रात्रभर गाळ्यात राहू दे, सकाळी उघड.

कुर्लावाले, तुमच्यासाठी पण हेच विमान. त्यात रिव्हेट होतेच की! चिकटलेला जोड इतका ताठ असतो की तो शाबूत आहे तोवर रिव्हेटला जवळजवळ काही काम नसतं. तो सुटला की सगळं ओझं एकदम रिव्हेटच्या भोकांवर येतं. तिथे बारीक चिरा पडल्या, एकमेकींना मिळाल्या आणि छत गेलं. नुसत्या भीतीपोटी मारलेल्या रिव्हेटला या धंद्यात चिकन रिव्हेट म्हणतात. मासळीच्या गाडीला चिकन कशाला? अँगलच्या दोन टोकांना एकेक मारा, ते मला मान्य आहे, कारण उकलायला सुरुवात टोकापासून होते. तोही सीलंटमध्ये बुडवून. आणि पॉप रिव्हेटची आतली खिळी बघा, बरेचदा लोखंडी असते. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमशेजारी लोखंड म्हणजे घरात पाहुणा नव्हे, भाडेकरू.

आता तुझ्या जानेवारीच्या सात गाड्या. त्यांचीही तयारी तीच ना? तोच पेपर, तीच चिंधी? मग त्या सुटलेल्या नाहीत, सुटायच्या आहेत.

क्रम उलटा कर. आधी तेल काढायचं, मग घासायचं. तेलकट पत्र्यावर पेपर मारलास की तेल ओरखड्यांत चोळून बसवतोस. थिनर बंद, त्यात काय मिसळलेलं असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. चांगला ॲसिटोन घे, बाटलीतून कपड्यावर ओत, कपडा बाटलीत बुडवू नकोस. पांढरा धुतलेला सुती कपडा, एकाच दिशेने, कळकट झाला की टाकून नवा. मग घास, मग परत पूस. त्यावर स्वच्छ डिस्टिल्ड वॉटर मार. सलग चादर राहिली तर तेल गेलं. थेंब थेंब झाले तर पहिल्यापासून. त्यानंतर बोट लावायचं नाही, हातमोजे घाल. गाळ्यात कोणी सिलिकॉन स्प्रे मारत असेल तर त्याला चहाला पाठव आणि स्प्रे कचऱ्यात.

एवढं केलंस तरी तेल गेलं इतकंच, पाण्याविरुद्धची लढाई अजून बाकीच आहे. कारखान्यात आम्ही फॉस्फोरिक ॲसिडमध्ये ॲनोडाइज करायचो, म्हणजे विजेने ऑक्साइडचा पक्का थर चढवायचो. ते तुझ्या गाळ्यात नको, क्रोमिक ॲसिड तर अजिबात नको, विष आहे ते. तुला जमेल असं म्हणजे ॲल्युमिना ग्रिटने ब्लास्टिंग (कडक बारीक दाण्यांचा हवेच्या झोताने मारा) आणि त्यावर इपॉक्सी जातीचं सिलेन. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात विमानांवर पट्ट्या चिकटवायला हेच वापरलं गेलं. पाण्यात १ टक्का सिलेन, तासभर ढवळायचं, पत्रा दहा-पंधरा मिनिटं त्याने ओला ठेवायचा, मग ११० अंशांच्या आसपास तासभर वाळवायचा. सिलेन एका हाताने ऑक्साइडला धरतं, दुसऱ्याने इपॉक्सीला, आणि चौथ्या सीटवाल्याला जागाच मिळत नाही. द्रावण केल्या दिवशीच वापर, उरलेलं ठेवू नकोस. आणि १ एमएम पत्र्याला ग्रिट हलक्या हाताने, नाहीतर पत्रा पापडासारखा वळेल.

आणि "गोंद शेवटी गोंदच" असं कोणी म्हणालं तर रेडक्सचं नाव सांग. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये डक्सफर्डला द ब्रॉइन यांच्या कंपनीत निघालेलं ॲढेसिव्ह, त्याने जोडलेली विमानं पुढे अनेक दशकं उडाली.

चाळ_ते_टॉवर | ११ जून, सकाळी ११:५०

सिव्हिलवाला आहे, गिरगावात जुन्या इमारतींच्या दुरुस्त्या करतो. आजींच्या पाण्यात माझी थोडी भर: सतत टांगलेलं ओझं. बॉस्टनमध्ये १० जुलै २००६ ला बोगद्याच्या छताची काँक्रीटची पॅनेल एका गाडीवर पडली, आतली बाई गेली. वरचे बोल्ट इपॉक्सीने भोकात बसवलेले होते. बसवताना ओढून तपासले तेव्हा पास झाले होते. पण तो लवकर सेट होणारा इपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत राहिला. आमच्या साइटवर केमिकल अँकर डोक्यावर टांगायला लागलं की मी आधी विचारतो, सतत भारासाठी मंजूर आहे का? आणि भोक फुंकून, ब्रशने घासून, परत फुंकून घ्या म्हणून ओरडतो. मिस्त्री तोंडाने फू करून मोकळा होतो.

गाळेवाले, दरवाजाला असा टांगता भार आहे का?

गाळेवाला_भांडुप | ११ जून, दुपारी १:१०

टांगता नाही, पण रोज पन्नास वेळा आपटतात, आणि मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. आजी, सिलेनची बाटली मागवली, ग्रिट ब्लास्टिंगवाला साकीनाक्याला मिळाला. पण हे सगळं केल्यावर जोड टिकेल की नाही ते कळायला परत दोन पावसाळे थांबू का?

चिकट_आजी | ११ जून, रात्री ८:४५

चटका बसतो म्हणजे तुझा इपॉक्सी तेव्हा मऊ होण्याच्या सीमेवर आहे. साध्या हवेत सेट झालेले बरेचसे ५०-६० अंशांच्या पुढे ढिले पडतात, आणि पाणी प्यायले की त्याही आधी. डब्यासोबतच्या कागदावर गरम क्युअरिंग (तापवून पक्कं करणं) दिलं असेल तर ते कर. बॉड्यांना पांढरा रंग दे.

थांबायचं नाही, पाचर मारायची. बोइंगवाल्यांची जुनी युक्ती आहे. ३ एमएम जाडीच्या, इंचभर रुंद, सहा इंच लांब दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटव, एका टोकाला थोडी जागा टेप लावून कोरी ठेव. सेट झालं की त्या टोकात ३ एमएमची पाचर ठोक. जोड थोडा उकलेल आणि थांबेल. बाजूने भिंगातून बघून चीर कुठे थांबली तिथे खूण कर. मग पट्टी इडलीपात्रात, पाण्याच्या वर, ५० अंशांवर, झाकण लावून. तासाभराने परत खूण, दुसऱ्या दिवशी परत. आता पाणी आहे, आणि जोड उकलायला ताणही आहे. दोन्ही पद्धतींच्या पाच-पाच कर. शेवटी पूर्ण उकलून बघ, इपॉक्सी कुठल्या बाजूला राहिलाय.

इडलीपात्र वेगळं घे. घरचं वापरलंस तर परिणामांना मी जबाबदार नाही.

गाळेवाला_भांडुप | २९ जून, रात्री ११:०५

जुन्या पद्धतीच्या पट्ट्यांत पाचर मारल्यावर चीर ३८ ते ४१ एमएमवर थांबली. इडलीपात्रात तासाभरानंतर पाचही ७० च्या पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पट्ट्यांतून पाचरी खाली पाण्यात पडलेल्या, पट्ट्या वेगळ्या. पत्रा चकचकीत. या पट्ट्या मी पाऊस थांबलेला बघून, एसी लावून, डबा फ्रिजबाहेर ठेवून केल्या होत्या. म्हणजे जानेवारीसारख्याच. सात गाड्यांबद्दल तुम्ही बरोबर होतात.

ग्रिट आणि सिलेनच्या पाच: सुरुवात ३५ ते ३७, तासाने सर्वांत वाईट ४०, दुसऱ्या दिवशी ४२. उकलल्या तर दोन्ही बाजूंना इपॉक्सी, मधूनच फाटलेला. एक पट्टी ५५ पर्यंत गेली. तिच्या कडेला अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसतोय. माझाच आहे, फोन आला म्हणून हातमोजा काढला होता.

सातही पार्ट्यांना फोन केले. बंदी उठायच्या आत दरवाजे माझ्या खर्चाने उघडून परत बांधतोय. दोघांनी शिव्या दिल्या, बाकीचे म्हणाले गाडी घेऊन येतो. अलिबागची गाडी पण येतेय. ससून डॉकच्या मावशींची सोमवारी. त्यांना इडलीपात्राचं सांगितलं तर म्हणाल्या, "त्या म्हातारीला सांग, ऑगस्टात हलवा धाडते."

चिकट_आजी | ३० जून, सकाळी ५:५०

अंगठ्याची पट्टी फेकू नकोस, गाळ्यात भिंतीवर टांग. आणि हलवा मासा मध्यम आकाराचा, मोठा राठ असतो.