शब्दचर्चा: चाल सुचते, दिसते की पटते?

प्रश्न: अटीतटीच्या डावात ग्रँडमास्टरच्या डोक्यात काय चालतं, यावर मराठीत लिहायला घेतलंय आणि ‘कॅल्क्युलेशन’पाशी अडलोय. ‘गणन’, ‘आकडेमोड’, ‘गणती’ असं सगळं लिहून पाहिलं. वाचताना डोळ्यांसमोर खतावणी घेऊन बसलेला माणूस येतो, पटावर वाकलेला खेळाडू काही येत नाही. बुद्धिबळ खेळणारे मराठीत काय म्हणतात?

उत्तर: बोलताना बहुतेक जण सरळ ‘कॅल्क्युलेशन’ म्हणतात. तो शब्द देवनागरीत तसाच ठेवला तरी बिघडत नाही. पण डाव संपल्यावर दोघं खेळाडू सोंगट्या पुन्हा मांडून बोलायला लागतात, तेव्हा जरा कान द्या. तिथे नाम क्वचित येतं, क्रियापदांचाच पाऊस असतो. ‘इथे प्यादं पुढे ढकलायचं सुचलं होतं.’ ‘मग का नाही खेळलास?’ ‘बघितलं, पण पटलं नाही. तुझा घोडा मध्ये येत होता.’ ‘घोडा? मला तर ते दिसलंच नाही!’

सुचणं, बघणं, दिसणं, पटणं. ग्रँडमास्टरच्या विचाराचे टप्पे या चार क्रियापदांत आले आहेत. ‘गणन’ म्हटलं की हे चारही एकाच पोत्यात जातात, म्हणून तो शब्द मला नको वाटतो.

आधी सुचणं. डच मानसशास्त्रज्ञ अ‍ॅड्रियन डी ग्रूट यांनी अलेखिन, केरेस, युवे अशा दिग्गजांपुढे डावातली एखादी स्थिती मांडली आणि मोठ्याने बोलत विचार करायला सांगितलं. त्यावरचा त्यांचा प्रबंध १९४६चा. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा खूप पुढच्या चाली बघत असतील, अशी सर्वसाधारण समजूत. निघालं वेगळंच. किती चाली पुढपर्यंत बघतात यात फारसा फरक नव्हता, फरक होता तो सुरुवातीलाच काय सुचतं यात. दिग्गजांना चांगली चाल लवकर सुचत होती, आणि बाकीच्यांना तीच चाल कित्येकदा शेवटपर्यंत सुचली नाही. ‘कँडिडेट मूव्ह’ला, म्हणजे विचारात घेण्याजोग्या चालीला, म्हणूनच मी ‘उमेदवार चाल’पेक्षा ‘सुचलेली चाल’ म्हणेन. उमेदवार स्वतःहून उभा राहतो, चाल सुचावी लागते.

मग बघणं. सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव्ह यांचा सल्ला असा, की सुचलेल्या चालींची आधी यादी करा, मग एकेक फांदी, म्हणजे त्या चालीतून पुढे फुटणाऱ्या चाली, शेवटपर्यंत बघा, आणि एकदा बघितलेल्या फांदीवर परत जाऊ नका. शिस्त म्हणून उत्तम. पण डी ग्रूट यांच्या नोंदींतले खेळाडू असे चालत नाहीत. एक चाल बघतात, सोडून देतात, दुसरीकडे वळतात, तिथे काहीतरी नवं कळतं आणि ते घेऊन पुन्हा पहिलीकडे येतात, या वेळी थोडं आणखी पुढपर्यंत. याला मराठीत नेमकं क्रियापद आहे: चाल डोक्यात ‘घोळते’. तुमच्या लेखात हे वाक्य कुठे तरी यायलाच हवं. घोळणं म्हणजे गोंधळ नव्हे, प्रत्येक फेरीत चाल थोडी अधिक उलगडत जाते.

प्रश्न: मग ‘हिशेब’ही चालणार नाही? ‘हिशेब चुकला’ असं खेळाडूंच्या तोंडून ऐकलंय.

उत्तर: चालेल, पण एका ठिकाणी. शह, मारलं, उलट मारलं, पुन्हा शह, अशी समोरच्याला पर्यायच न ठेवणारी साखळी असते तिथे हिशेब शोभतो. एका घरावर माझा दुहेरी जोर आहे आणि त्याचा तिहेरी, तर शेवटी कोणाचं काय उरतं, हा शुद्ध हिशेब आहे आणि तो चुकूही शकतो. पण शांत स्थितीत ग्रँडमास्टर अर्धा तास एका चालीवर बसतो, तेव्हा तो बहुतेक वेळ ‘पटतंय का’ हे बघत असतो. हा उंट पुढे वीस चालींनी कामाला येईल का? राजापुढचं प्यादं हलवलं तर मागे कमजोर घर राहतं, ते परवडेल का? इथे मोजायला आकडाच नसतो.

प्रश्न: ‘ब्लंडर’ला वर्तमानपत्रं ‘घोडचूक’ लिहितात. बरोबर वाटतं?

उत्तर: चुकीच्या आकाराबद्दल बरोबर, चूक कशी झाली याबद्दल मात्र तो शब्द काहीच सांगत नाही. २०२४च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सिंगापूरचा चौदावा डाव घ्या, १२ डिसेंबरचा. भारताचा गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन, दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण झालेले. गुकेश काळ्या सोंगट्यांनी खेळत होता. त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं, पण डिंगचा बचाव तग धरून होता आणि डाव बरोबरीत सुटेल असंच बहुतेकांना वाटत होतं. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्तीला हत्ती भिडवला. मारामारी झाली की सोंगट्या कमी होतात, सोंगट्या कमी की बरोबरी सोपी. चाल सुचण्यासारखीच होती.

राहिलं ते एवढंच, की पांढरा उंट कोपऱ्यातल्या घरात होता. हत्ती पटावरून गेल्यावर काळ्याने आपला उंट त्याच कर्णावर समोर आणला. कोपऱ्यातल्या उंटाला तो कर्ण सोडून दुसरी वाटच नसते. म्हणजे उंटांची मारामारी टळत नाही, मागे नुसते राजे आणि प्यादी उरतात, आणि तो शेवट काळ्याने जिंकलेला. तीन चालींनी डिंगने डाव सोडला आणि गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला.

आता क्रियापदांकडे. डिंगला हत्ती भिडवणं सुचलं, पटलंही. कोपऱ्यातला उंट मात्र नजरेतून सुटला. आणि चूक झाल्याचं आपल्याही लगेच ध्यानात आलं नव्हतं, असं गुकेशने डावानंतर सांगितलं. तो दुसरीच चाल खेळायच्या बेतात होता, मग त्याला ‘दिसलं’. बघणं माणूस करतो, दिसणं त्याला होतं. मराठीतला हा कर्त्याचा फरक इतका नेमका आहे, की त्या क्षणाचं वर्णन करताना मी तरी दुसरा शब्द शोधणार नाही. ‘घोडचूक’ मथळ्यात राहू द्या, मजकुरात ‘नजरेतून सुटलं’ लिहा.

प्रश्न: ‘टाइम ट्रबल’?

उत्तर: ‘वेळेच्या दडपणाखाली’ हे रूढ आहे, तेच वापरा. फक्त त्या दडपणाने नेमकं काय होतं तेही सांगा: सुचणं चालू राहतं, पटण्याला वेळ उरत नाही.

प्रश्न: आणि ‘झुगझ्वांग’? ‘कोंडी’ म्हणावं का?

उत्तर: नको. कोंडी म्हटलं की हलायलाच जागा नाही असं वाटतं. राजाला शह नाही आणि कायदेशीर चालही नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. झुगझ्वांगमध्ये चाली असतात, अडचण हीच की त्यातली एक खेळावीच लागते आणि जी खेळाल तिने नुकसान होतं. ‘चालसक्ती’ मला बरा वाटतो. बहुधा हे डावाच्या शेवटी, मोजक्या सोंगट्या उरल्यावर घडतं. सॅमिश विरुद्ध निम्झोविच, कोपनहेगन, १९२३ हा डाव गाजला तो पट भरलेला असताना हे घडलं म्हणून. निम्झोविचने पंचविसावी चाल म्हणून कडेचं प्यादं फक्त एक घर सरकवलं आणि सॅमिशने डाव सोडला. पांढऱ्याचा, म्हणजे सॅमिशचा, वजीर अडकवण्याची धमकी तिथे तशीही होती, म्हणून काही जाणकार याला निखळ झुगझ्वांग मानत नाहीत. मला त्यांचं पटतं.

याच निम्झोविचने बुद्धिबळात रुजवलेल्या ‘प्रोफिलॅक्सिस’चा प्रश्न मात्र अजून उघडाच आहे. समोरच्याला काय खेळायचंय ते आधी ओळखायचं आणि त्याच्या मनात पक्कं होण्याआधीच ती वाट बंद करायची. ‘प्रतिबंध’ कोरडा वाटतो. ‘काटशह’ म्हणावं तर तो शह आल्यावरचा. ‘वाट अडवून ठेवणं’ हे क्रियापद म्हणून ठीक, पण नाम हवं असेल तर मला अजून मिळालेलं नाही.