मॅक्लिओडगंजला कधी जावे आणि कसे वागावे?

प्रश्न: रानपाखरू, परभणी

नमस्कार. दिवाळी सरली की आमच्या गावात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार लागतो. माझा शाळेचा स्वेटर पहिलीपासून एकाच दुकानातून घेतला जात असे, आणि त्या दुकानातल्या मावशींची आईशी आता इतकी ओळख झाली आहे की दोघी भाव करण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. या वर्षी माझे एम.ए. पूर्ण झाले. मी आणि माझी मैत्रीण पाठीवर सॅक टाकून येत्या जानेवारीत आठ-दहा दिवस हिमाचलात धरमशाळेच्या वरच्या मॅक्लिओडगंज या तिबेटी निर्वासितांच्या गावी जाऊन राहण्याचा विचार करत आहोत, असे मी मावशींना परवा सांगितले. त्यांचे घर तिथेच आहे. त्यांनी हातातल्या स्वेटरची घडी अर्धवट ठेवली आणि म्हणाल्या, "आत्ता जाऊन कोणाला भेटशील? आम्ही तर इथे आहोत. लोसार, म्हणजे आमचे नवे वर्ष, होऊ दे, मग ये."

त्या बोलण्यानंतर माझ्या मनात दोन प्रश्न आले. पहिला व्यवहाराचा आहे: परभणीहून कसे जावे, आणि तिथली थंडी आमच्यासारख्यांना झेपेल का? दुसरा मला अधिक छळतो. आपला देश सोडावा लागलेल्या माणसांच्या गावात केवळ बघे म्हणून हिंडणे योग्य आहे का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: सचखंडचा प्रवासी, नांदेड

मी तिथे दोनदा गेलो, एकदा जानेवारीत आणि एकदा मार्चच्या मध्यावर. दोन्ही वेळच्या अनुभवावरून सांगतो की मावशींचे ऐका.

परभणीकरांना सर्वांत सोयीची गाडी म्हणजे नांदेड–अमृतसर सचखंड एक्स्प्रेस. प्रवास दीड दिवसाचा आहे, पण वाटेत अनेक स्थानकांवर शीख सेवेकरी गाडीपाशी येऊन लंगर वाटतात, म्हणून सोबत एक ताट आणि वाटी अवश्य ठेवावी. अमृतसरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पठाणकोट गाठावे. तिथून धरमशाळा सुमारे ९० किलोमीटर आहे आणि हिमाचल परिवहनच्या बसगाड्या मिळतात. धरमशाळेचे खालचे गाव आणि वरचे मॅक्लिओडगंज यांत बरीच चढण आहे. बस आणि जीप तर आहेतच, शिवाय २०२२ पासून रोपवेही सुरू झाला आहे. शनिवार-रविवारी दिल्ली-चंदीगडकडच्या मोटारींनी वरचे अरुंद रस्ते तुंबतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी पोहोचावे.

आता थंडीविषयी. आपल्याकडे पहाटे पारा सहा-सात अंशांवर उतरला तरी दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. मॅक्लिओडगंज समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंच आहे, पाठीशी धौलाधारची बर्फाळ रांग उभी आहे, आणि जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याजवळ जाते. ऊन पडते, पण त्याची ऊब ज्या दगडावर ते पडते तेवढ्यापुरतीच असते. भिंतीच्या सावलीत पाऊल टाकले की हुडहुडी भरते. स्वस्त खोल्यांत हीटर नसतो. माझी चूक अशी झाली की मी सुती जीन्स घेऊन गेलो. दुसऱ्याच दिवशी ती पावसात भिजली आणि तीन दिवस खुर्चीवर ओलीच पडून होती. रात्री रजईत शिरल्यावर अर्धा तास पाय गरम होत नसत. लोकरीचे मोजे तीन जोड, थर्मलचे दोन संच, कानटोपी आणि लवकर वाळणारी विजार एवढे सामान असले की बाकीचे ओझे घरीच ठेवता येते.

त्रिउंड या डोंगरमाथ्याचा चढ मॅक्लिओडगंजहून सुमारे ९ किलोमीटरचा असून माथा २,८०० मीटरच्या वर आहे. बर्फ पडल्यावर प्रशासन ती वाट बंद करते, आणि तसे असताना कोणी "गुपचूप नेतो" म्हणाले तरी जाऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये जाण्याचा विचार तर मुळीच करू नका, कारण हिमाचलात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी ते एक आहे.

उत्तर: लेणीवाट, छत्रपती संभाजीनगर

प्रवासाचे सर्व वर आलेच आहे, म्हणून मी गावाविषयी लिहिते. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, वर्षभर मसुरीत राहिले आणि १९६० मध्ये मॅक्लिओडगंजला आले. तेव्हापासून तिथे जे उभे राहिले ते अवघे एक देश पुन्हा मांडण्याचे काम आहे. निर्वासित प्रशासनाची कचेरी गंगचेन क्यिशोंग या भागात आहे. तिथेच १९७० मध्ये स्थापन झालेले तिबेटी ग्रंथांचे मोठे ग्रंथालय आहे, आणि संग्रहालयही आहे. वैद्यकाची संस्था, नृत्यनाट्याची संस्था, सिद्धपूरजवळ थांका, म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रे, आणि लाकडी कोरीवकाम शिकवणारी नोर्बुलिंका ही संस्था, हे सगळे पाहायला दोन पूर्ण दिवस द्या. धबधबा आणि कॅफे पाहून परतणाऱ्यांना यातले काहीच दिसत नाही.

रोज पहाटे मुख्य मंदिराभोवतीच्या वाटेने कोरा, म्हणजे प्रदक्षिणा, चालतो. आपल्यासारखेच मंदिर उजव्या हाताला ठेवून चालायचे. काठी टेकत चाललेल्या आजी, हातात फिरणारे मणिचक्र (प्रार्थनाचक्र), दगडांवर कोरलेले मंत्र आणि झाडांना बांधलेल्या पताका यांच्या मधून तुम्हीही गुपचूप चालावे. कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही. मोबाइल मात्र खिशातच असू द्यावा.

दुपारी काही संस्थांमध्ये इंग्रजी बोलण्याचे वर्ग भरतात आणि आल्यागेल्या प्रवाशांना तिथे बसून तासभर गप्पा मारता येतात. माझ्यासमोर एक तरुण भिक्खू बसले होते. तुम्ही कुठल्या, असे त्यांनी विचारले. मी अजिंठ्याच्या जवळची, असे सांगून पहिल्या क्रमांकाच्या लेणीतल्या पद्मपाणीचे छायाचित्र मोबाइलवर दाखवले. ते पाहून त्यांनी आधी लोकरी टोपी काढली, "चेनरेझिग" असे हळूच म्हटले आणि मोबाइल दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला. चेनरेझिग म्हणजे अवलोकितेश्वर. दलाई लामा हे त्याचेच रूप, अशी त्यांची श्रद्धा आहे. ज्या चित्रापुढे आम्ही शाळेच्या सहलीत धक्काबुक्की करत पाच मिनिटे उभे राहिलो होतो, ते त्यांचे दैवत आहे हे मला तिथे जाऊन कळले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दलाई लामा आमच्या शहरात बौद्ध परिषदेसाठी आले होते आणि माझी आजी पांढरी साडी नेसून त्यांना ऐकायला गेली होती. हे सांगितल्यावर त्या भिक्खूंनी आजीचे नाव विचारून वहीत लिहून घेतले.

खाण्याचे हाल होत नाहीत. थुक्पा (शेवयांचे सूप) आणि तिंगमो (वाफवलेला पाव) शाकाहारी मिळतात. लोण्याचा चहा खारट असतो, त्याला चहा न समजता कढण समजून प्यावे. त्यात भाजलेल्या जवाचे पीठ, म्हणजे त्साम्पा, वाटीतच मळून खातात. मला थेट आपल्या सातूच्या पिठाची आठवण झाली.

उत्तर: निवृत्त शिक्षक, कळंब, जि. धाराशिव

मुली, तुझ्या आजोबांच्या वयाचा असल्याने एकेरी लिहितो. तुझा दुसरा प्रश्न मला मोलाचा वाटला.

रझाकारांच्या काळात माझ्या वडिलांचे कुटुंब रातोरात गाव सोडून निजामाच्या राज्याच्या सरहद्दीपलीकडे बार्शीला गेले. वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. दावणीची जनावरे सोडून दिली होती, धान्याचे पेव तसेच होते. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि आमची माणसे परत आली. पेव रिकामे होते, पण उंबरा होता. वडील म्हातारपणीही त्या काही महिन्यांविषयी आपण होऊन बोलत नसत, आणि कोणी खोदून विचारलेले त्यांना खपत नसे. तिबेटी माणसांचा उंबरा साठ वर्षांहून अधिक काळ डोंगरापलीकडे राहिला आहे. म्हणून "तुम्ही कसे पळून आलात" हे विचारू नकोस. सांगायचे असेल ते तेच सांगतील, आणि तेव्हा मात्र घाई न करता ऐक.

आणखी एक ध्यानात ठेव. तुला भेटणाऱ्या तरुणांपैकी अनेकांचा जन्म भारतातलाच आहे. तरीही त्यांच्यापैकी पुष्कळांना नोंदणी प्रमाणपत्रावर राहावे लागते आणि ते मुदत संपली की नवे करून घ्यावे लागते. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेत त्यांना निर्वासितही म्हटले जात नाही. यामुळे बरीच मुले परदेशी जातात आणि मागे म्हातारी माणसे उरतात. त्यांच्या दुकानातून घासाघीस न करता वस्तू घेणे, त्यांच्या खानावळीत जेवणे, त्यांच्याच घरची खोली भाड्याने घेणे, यात बघेपणा नाही.

शक्य झाल्यास 'तिबेटी मुलांचे गाव' (टिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज) ही निवासी शाळा बाहेरून तरी पाहून ये. १९६० च्या मे महिन्यात जम्मूकडच्या रस्तेबांधणीच्या छावण्यांतून आलेल्या ५१ आजारी, कुपोषित मुलांना घेऊन ते सुरू झाले. शाळेची वेळ असेल तर आत शिरून वर्गांचे फोटो काढू नकोस, एवढे मास्तर म्हणून सांगतो.

रानपाखरू, परभणी

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही जानेवारीचा बेत रद्द केला आहे. लोसार झाल्यावर, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातले सचखंडचे आरक्षण काल केले.

आज मावशींना हे सांगायला गेले. त्यांनी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तिबेटी अक्षरांत घराचा पत्ता लिहून दिला आणि खाली हिंदीत "मंदिराच्या मागची उतरण" एवढे लिहिले. तिथे त्यांची आई असते. त्या आजी पूर्वी कितीतरी हिवाळे परभणीत स्वेटर विकत होत्या, आता गुडघ्यांमुळे येत नाहीत. त्यांच्यासाठी काय नेऊ, असे विचारल्यावर मावशी बराच वेळ हसत राहिल्या आणि म्हणाल्या, "हुरडा. अजून विचारते ती, तिकडे हुरडा निघाला का म्हणून."

ओला हुरडा मार्चपर्यंत राहणार नाही, हे उघड आहे. भाजून सावलीत वाळवला तर दीड-दोन महिने टिकतो असे आई म्हणते, पण तिने स्वतः कधी एवढे दिवस ठेवलेला नाही. ज्यांनी ठेवला असेल त्यांनी कशात भरून ठेवावा ते कृपया सांगावे, कारण आमच्या रानातली ज्वारी येत्या आठवड्यात हुरड्याला येईल.